बार्बाडोसच्या गाडीवाटा

बार्बाडोस बेटावर उतरलेल्या पर्यटकाला जीपची सफर कुणी ना कुणी सुचवतंच. बिनटपाची उंच लँडरोव्हर, स्टिअरिंगवर स्थानिक वाटाड्या, मागे समोरासमोर बाकं. डांबरी रस्ता सोडून गाडी उसाच्या फडांत शिरते, घळींतून खाली उतरते, डोंगरकडेने पूर्व किनाऱ्याला लागते. मुलगी आणि जावई यांच्याबरोबर मी त्या गाडीत बसलो. ‘‘अण्णा, दांडी घट्ट धरा,’’ असं लेक दर वळणाला बजावत होती. माझं लक्ष मात्र वाटेकडे होतं. दोन खोल चाकोऱ्या, मध्ये गवताची पट्टी, दोन्ही अंगांना ऊस आणि थोड्या थोड्या अंतरावर चौक. ही वाट हौसेसाठी काढलेली नव्हती, ती उसाची गाडीवाट होती. साखर कारखान्याच्या शेती खात्यात उभी हयात गेलेल्या माणसाला ती ओळखायला पाटी लागत नाही.

तिथे तिला कार्ट रोड म्हणतात. बेट जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं, आमच्या एखाद्या तालुक्याहूनही लहान. पण त्यावर रस्त्यांचं जाळं असं दाट विणलंय की माणूस चकित होतो. त्याला कारण ऊस. १६२७ साली इंग्रज वसाहतवाले आले. त्यांनी आधी तंबाखू लावून पाहिला, मग कापूस. १६४०च्या दशकात जेम्स ड्रॅक्ससारख्या मळेवाल्यांनी ब्राझीलकडच्या डचांच्या ओळखीने साखर करण्याची विद्या आणली आणि दोन-तीन दशकांत बेटावरचं जंगल जवळपास संपलं. त्या सुमारास तिथे राहून गेलेल्या रिचर्ड लायगन या इंग्रजाने १६५७ साली पुस्तक लिहिलं, त्यात वाटांची दैना आहे: तोडलेल्या झाडांचे बुंधे, चिखल, घळी. घोडा जिथे कच खाई तिथे गाढवं साखर वाहत. काही मळेवाल्यांनी उंटसुद्धा आणले होते.

तोडलेला ऊस थांबत नाही. आम्हीही तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागे लागायचो ते याचसाठी. तोड झाल्यावर चोवीस तासांत गाळप झालं नाही तर वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. सतराव्या शतकात ट्रॅक्टर-ट्रॉली नव्हती, तेव्हा उसापासून चरक लांब ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून प्रत्येक मळ्याच्या मधोमध, वारा लागेल अशा उंचवट्यावर, चरक फिरवणारी पवनचक्की. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या एवढ्याशा बेटावर अशा पाचशेच्या आसपास पवनचक्क्या होत्या. प्रत्येकीकडे चहूबाजूंनी गाडीवाटा येणार. जीप कुठल्याही फडातून हाका, थोड्या वेळाने दगडी बुरुजासारखं एक निमुळतं बांधकाम समोर येतं. पाती गेलेली, आत झाडं उगवलेली. सेंट अँड्र्यू परगण्यातली मॉर्गन लुईसची चक्की तेवढी पाती आणि लाकडी दातेरी चाकांसकट जतन केलेली आहे. वाटाडे तिथे फोटोसाठी थांबतात. मी चरकाचे रूळ पाहत राहिलो. ऊस तिथे हाताने आत सारावा लागे. थकून डुलकी लागलेल्या माणसाचा हात रुळांत गेला तर तो तोडायला कुऱ्हाड जवळ ठेवायची रीत होती, असं वेस्ट इंडीजच्या जुन्या वर्णनांत येतं.

चक्कीच्या शेजारी उकळणीघर. आमच्या गुऱ्हाळात एक भली मोठी काहील असते. इथे तांब्याच्या काहिलींची रांग असे, मोठीपासून लहानपर्यंत. रस एकीतून दुसरीत पळ्यांनी ओतत न्यायचा, मळी काढत राहायची आणि शेवटच्या लहान काहिलीत पाक आला की उतरवायचा. तो क्षण ओळखणारा माणूस हा मळ्याचा खरा तज्ज्ञ. पाकाची तार अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून तो निर्णय करी. आमच्याकडे गुळव्याला काय मान असतो ते कोल्हापूरकडच्या लोकांना सांगायला नको. बार्बाडोसमध्ये हे ज्ञान असलेला माणूस मळ्याच्या यादीत गुराढोरांच्या जोडीने किंमत लावून नोंदलेला असे. आफ्रिकेतून आणलेला, किंवा त्याच मळ्यात गुलाम म्हणून जन्मलेला.

गाडीवाटा या माणसांनी घातल्या. पोवळ्याचा पांढरा मऊ दगड फोडून, टोपल्यांनी वाहून. बेटाचा बहुतेक भाग अशाच पोवळी चुनखडीचा आहे, वर मातीचा थर पातळ. जंगल गेल्यावर पावसाने ती मातीही वाहायला लागली. मग अठराव्या शतकात सरी सोडून चौकोनी खड्ड्यांत ऊस लावायची पद्धत आली: पाच-पाच फुटांवर खड्डे, कडेने मातीचे वरंबे, त्यामुळे पाणी जागच्या जागी जिरायचं. शेतीच्या दृष्टीने कल्पना उत्तम आहे, मी दाद देतो. पण नांगर बाजूला ठेवून ते सगळे खड्डे कुदळीने खणले गुलाम बायका-पुरुषांच्या टोळ्यांनी, आणि प्रत्येक खड्ड्यात शेणखत पडलं ते डोक्यावरच्या टोपलीतून. सर्वांत दणकट माणसं पहिल्या टोळीत. शेवटची टोळी लहान मुलांची, गवत वेचायला.

वाहणारी माती धरून ठेवायला बांधांवर एक गवत लावलेलं दिसतं. कंबरेएवढे दाट ठोंब, कडक पाती. वाटाड्याने नाव सांगितलं, खसखस ग्रास. मी गाडी थांबवायला सांगितली, उतरून एक ठोंब मुळापासून हलवला आणि मुळं नाकाला लावली. वाळा! उन्हाळ्यात आमच्याकडे माठात टाकतात तोच. हिंदुस्थानातलं हे गवत बार्बाडोसच्या गाडीवाटांच्या कडा सांभाळत उभं आहे. कारखान्याच्या सभांमध्ये बांधावर वाळा लावा म्हणून मी कितीदा बोललो असेन! तिथे तो मैलोन्‌मैल लावलेला पाहून फार बरं वाटलं.

सफरीतलं एक ठिकाण म्हणजे गन हिल. तिथून बेटाचा दक्षिण-पश्चिम भाग पायाखाली पसरलेला दिसतो, आणि खालच्या कड्यात १८६८ साली एका इंग्रज कॅप्टनने कोरवून घेतलेला पांढरा सिंह आहे. लोक सिंहाचे फोटो काढतात. टेकडीवरची चौकी मात्र सिंहाहून जुनी, १८१८ची. ती तिथे का आली हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागतं. १८१६च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी रात्री, सेंट फिलिप परगण्यात बुसा नावाच्या गुलाम मुकादमाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. फडांना आगी लागल्या. बेटावरच्या उसाचा सुमारे चौथा हिस्सा जळाला. उठाव काही दिवसांत मोडला, शेकडो माणसं मारली गेली किंवा फासावर गेली. त्यानंतर उंच जागांवर एकमेकींना दिसतील अशा निशाणांच्या चौक्यांची साखळी उभी राहिली. शत्रूच्या जहाजांप्रमाणेच उसातल्या माणसांवरही नजर राहावी म्हणून. १६६१ सालीच या बेटाने गुलामांसाठी असा कायदा लिहिला होता की जमैका आणि अमेरिकेतल्या कॅरोलायनाने तो नमुना म्हणून उचलला. गन हिलवर उभं राहून नुसता देखावा पाहणं मला जमलं नाही.

१८३४ साली गुलामगिरी कायद्याने गेली, उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षं चालली आणि १८३८ साली माणसं मोकळी झाली. ब्रिटिश साम्राज्यातल्या मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली. राबलेल्यांना दमडी नाही. जमीन सगळी मळेवाल्यांची. मोकळ्या झालेल्या माणसाने राहायचं कुठे? मळ्याच्याच कडेच्या खडकाळ तुकड्यावर, भाड्याने, आणि बहुधा त्याच मळ्यावर काम करण्याच्या अटीवर. अशा वस्तीला टेनंट्री म्हणतात. मालक कधी उठवील याचा नेम नाही, म्हणून घर असं बांधायचं की फळ्या सोडवून गाडीवर घालून नेता यावं. मध्ये दार, दोन बाजूंना दोन खिडक्या, उभट छप्पर, आणि पाया म्हणजे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले पोवळी दगड. ही चॅटल हाउसं आज रंगरंगोटी करून पोस्टकार्डांवर छापतात. बीडकडच्या ऊसतोड-टोळ्यांच्या कोप्या मी हयातभर पाहिल्या आहेत. गुलामगिरीशी त्याची बरोबरी करणं चूक ठरेल. पण ज्याच्या कोयत्यावर साखर उभी आहे त्याच्या घराखाली त्याची जमीन नसते, ही गोष्ट मला तिथेही ओळखीची वाटली. बार्बाडोसने त्यावर १९८० साली कायदा केला: मळ्यांवरच्या टेनंट्रीत पाच वर्षं राहिलेल्याला घराखालची जागा चौरस फुटाला दहा सेंट दराने विकत घेण्याचा हक्क. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर चौदा वर्षांनी का होईना, केला. वाटाड्याच्या आजीने त्याच कायद्याखाली जागा घेतली होती. ते घर त्याने आम्हाला दाखवलं; आता पायाला सिमेंट आहे.

पूर्व किनाऱ्यावर बाथशेबाच्या बाजूला गाडी आली की वाटेचा स्वभाव बदलतो. चढ-उतार संपतात, समुद्राला धरून लांब वळणांची सपाट वाट सुरू होते. इतकी एकसारखी वाट बैलगाडीला लागत नाही, ती आगगाडीची खूण. १८८१ साली ब्रिजटाउनहून निघालेली रेल्वे १८८३पर्यंत बेलप्लेनला पोचली. साखर वाहायची आणि सहलीची माणसंही. तोट्यात गेली, तेव्हा १८९८ साली रूळ उखडून अडीच फुटी केले. त्या कामाचा सल्लागार होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव आमच्या बाजूला नवं नाही. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी धावलेली बार्शी लाइट रेल्वे त्याचीच, तीही अडीच फुटीच. लहानपणी आषाढीला त्या गाडीने पंढरपूरला गेलेला मी अटलांटिकच्या काठी त्याच माणसाच्या मापाच्या वाटेवरून जात होतो. बार्बाडोसची रेल्वे मात्र समुद्राच्या खारट वाऱ्याने आणि दरडींनी खाल्ली. १९३७ साली बंद झाली. १९६६ साली तिच्या मार्गावरून किनाऱ्याचा डांबरी रस्ता झाला, उरलेल्या भागावर लोक चालतात.

आमच्या खात्यातल्या लोकांना या बेटाचं ऋण आणखी एका कारणाने मानायला हवं. ऊस कांडी लावूनच वाढवायचा, त्याच्या तुऱ्यात रुजणारं बी नसतंच, असा जाणत्यांचा समज होता. १८८८ साली बार्बाडोसच्या डॉड्स केंद्रावर जॉन बोव्हेल आणि जे. बी. हॅरिसन यांनी तुऱ्याच्या बियांपासून उगवलेली रोपं जोपासली. जावामध्ये त्याच सुमारास तेच दिसून आलं होतं. बी रुजतं म्हटल्यावर दोन जातींचा संकर करता येतो. कोइमतूरचं ऊस पैदास केंद्र १९१२ साली सुरू झालं ते याच ज्ञानावर, आणि आमच्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेले ७४० आणि ८६०३२ हे त्याच केंद्राचे वाण. जीपच्या बाकावर मी हे सांगायला लागलो तेव्हा वाटाड्या गाडी हळू करून ऐकत होता.

आता ऊस कमी झालाय. १९६७ साली बेटाने दोन लाख टनांहून जास्त साखर काढली होती. आज पोर्टव्हेल हा एकच कारखाना चालतो. हंगाम संपल्यावर शेवटची गाडी फुलांनी सजवून आणायची त्यांची जुनी चाल होती. आमच्याकडे शेवटची खेप गुलाल उधळत कारखान्यात येते तशीच. ती चाल मोडली होती, १९७४ साली क्रॉप ओव्हर या नावाने तिचा उत्सव पुन्हा सुरू झाला. पडीक फडांतल्या गाडीवाटा मात्र झुडपांनी बुजतात. वाटाड्या म्हणाला, आम्ही रोज जीप घालतो म्हणून या उघड्या राहिल्यात.

म्हणूनच माझं एक मागणं आहे. ख्राइस्ट चर्च परगण्यात न्यूटन मळ्यावर गुलामांची दफनभूमी आहे. उतारावर खडक वर आलेला, ऊस लावायला निरुपयोगी, म्हणून ती जागा वाचली. १९७०च्या दशकात जेरोम हँडलर आणि फ्रेडरिक लँग यांनी तिथे उत्खनन केलं. पाचशेहून अधिक माणसं तिथे पुरली असावीत असा अंदाज आहे. त्यांत सतराव्या शतकाच्या अखेरीचा किंवा अठराव्याच्या सुरुवातीचा एक म्हातारा माणूस आहे. टोळीतल्यांनी त्याला मानाने पुरलं असणार. हातात तांब्याची कडी, जवळ लोखंडी सुरी आणि आफ्रिकी मातीची चिलीम, गळ्यात कवड्या, माशांचे मणके, कुत्र्याचे दात आणि काचेचे मणी ओवलेली माळ. त्या माळेत एक मोठा तांबूस अकीकाचा मणी आहे. अभ्यासकांच्या मते तो बहुधा आपल्या खंबायतचा. गुजरातच्या कारागिराने घासलेला मणी आफ्रिकेच्या बाजारांतून हिंडत त्याच्या गळ्यापर्यंत पोचला.

सफरीच्या नकाशात न्यूटन नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही टॅक्सी करून गेलो. गाडीवाटेनेच जावं लागतं, दोन्ही बाजूंना ऊस आहे, अगदी जीपजोगी वाट. पवनचक्क्या, सिंह आणि किनारा दाखवून झाल्यावर वाटाड्यांनी तिथेही अर्धा तास गाडी थांबवावी. आमच्या वाटाड्याला मी हे सांगितलं. त्याने मालकाकडे शब्द टाकतो म्हणून कबूल केलंय.