युरोप, व्हाया नेरळ

मंडळी, सध्या आमच्या डोंबिवली लोकलमध्ये एकच चर्चा: युरोपला कुठे जायचं? 'अकरा दिवसांत सात देश' की एकच निवांत गाव? गंमत म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी ठाण्याच्या गोऱ्या साहेबाची अडचण बरोब्बर उलटी होती.

सुएझ कालवा खुला झाला १८६९ मध्ये. त्याआधी विलायतेला जायला महिन्याहून जास्त लागायचा, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घरी जाणं अशक्यच. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढले. (धनगर-ठाकरांना तो आधीपासून ठाऊक होता, तेव्हा 'शोध' वगैरे म्हणायला नको.) मग साहेबाने ८०० मीटर उंचीवरच आपली विलायत थाटली: शार्लट लेक, लुईझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळहून छोटी रेल्वेही वर पोचली.

मला यात महत्त्वाची वाटते ती राहण्याची पद्धत. एकाच डोंगरावर मुक्काम ठोकायचा आणि पायी नाहीतर घोड्यावरून भटकायचं. माथेरानला आजही पर्यटकाची गाडी दस्तुरी नाक्यापुढे जात नाही. स्वित्झर्लंडच्या झरमॅटला तेच: मोटार खाली टेशला ठेवा, पुढे रेल्वेने या.

तेव्हा यादीतले चार-पाच देश उडवा आणि अशा एखाद्या गावात पाच रात्री काढा. व्हिसा येईपर्यंत एका शनिवारी कर्जत लोकल पकडून माथेरानला रंगीत तालीम करा. दोन दिवस एका जागी स्वस्थ बसवलं नाही, तर मात्र सात देशच बरे!