'गो' भाषा कोण वापरतं, हे तिच्या निर्मात्यांना कसं कळतं?

ओपन सोर्स प्रोग्रामिंग भाषा कुणीही फुकट डाउनलोड करू शकतं. ना नोंदणी, ना बिल. त्यामुळे गंमत अशी होते की आपली भाषा कोण वापरतं आणि त्यांचं कुठे अडतं, हे बनवणाऱ्यांनाच नीट माहीत नसतं. यावरचा एक उपाय म्हणजे वापरकर्त्यांचं सर्वेक्षण. 'गो' ही भाषा त्याचं चांगलं उदाहरण आहे.

सुरुवात कशी झाली?

रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन या तिघांनी २००७ मध्ये गूगलमध्ये 'गो'चं काम सुरू केलं. नोव्हेंबर २००९ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. पहिलं सर्वेक्षण मात्र २०१६ च्या शेवटी झालं. त्यात ३,५९५ जणांनी उत्तरं दिली. अनुभव किती, काम कोणतं, एडिटर कोणता, असे प्रश्न त्यात होते. भाषेत काय बदलावं, हेही विचारलं होतं.

लोकांनी काय मागितलं?

दोन मागण्या ठळक होत्या. पहिली, बाहेरून घेतलेल्या पॅकेजच्या आवृत्त्या नीट सांभाळण्याची सोय. दुसरी, 'जेनेरिक्स'. म्हणजे आकड्यांची यादी असो वा शब्दांची, दोन्हींसाठी एकच फंक्शन लिहिता यावं.

पहिल्या मागणीवर ऑगस्ट २०१८ मध्ये, आवृत्ती १.११ पासून, 'मॉड्यूल्स' प्रायोगिक स्वरूपात आले. जेनेरिक्ससाठी मात्र मार्च २०२२, म्हणजे आवृत्ती १.१८ उजाडावी लागली. कारण २०१२ मध्ये पहिल्या आवृत्तीसोबत दिलेला शब्द: जुना कोड नव्या आवृत्तीतही चालेल. एकदा भाषेत घातलेली गोष्ट सहज काढता येत नाही.

मागितलं की मिळतंच का?

नाही. सर्वेक्षण म्हणजे मतदान नव्हे. त्रुटी हाताळताना पुन्हा पुन्हा तेच लिहावं लागतं, ही 'गो'बद्दलची जुनी तक्रार. त्यावर अनेक प्रस्ताव आले, पण एकमत झालं नाही. शेवटी जून २०२५ मध्ये 'गो'च्या टीमने त्यासाठी नवी वाक्यरचना आणण्याचा विचार थांबवल्याचं जाहीर केलं.

मग आकडे खरे किती?

इथेच खरी मेख आहे. लिंक पाहून स्वतःहून फॉर्म भरणारे बहुधा भाषेचे चाहते किंवा वैतागलेले असतात. गुपचूप काम करणारे आणि भाषा सोडून गेलेले त्यात कमी दिसतात. म्हणून 'गो'च्या टीमने व्हीएस कोड या एडिटरमधल्या काही वापरकर्त्यांना यादृच्छिक पद्धतीने निवडून आमंत्रण द्यायला सुरुवात केली. दोन्ही गटांची उत्तरं शेजारी ठेवली की फरक दिसतो.

त्यामुळे 'अमुक टक्के प्रोग्रामर समाधानी' अशी पोस्ट दिसली, तर शेअर करण्याआधी एक गोष्ट पाहावी: प्रश्न विचारले कुणाला?