गॅमा किरणांचे स्फोट

क्षणभर वा काही मिनिटे लखलखून विझणारे हे झोत १९६७ मध्ये प्रथम आढळले ते अमेरिकेच्या 'व्हेला' उपग्रहांना. त्यांचे खरे काम अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्याचे! गॅमा किरण वातावरणातच शोषले जातात. जमिनीवर पोहोचतात त्या स्फोटानंतर रेंगाळणाऱ्या रेडिओलहरी. भीमाशंकर-तळेघरच्या डोंगरांच्या पूर्वेला, जुन्नर तालुक्यातील खोडदच्या 'जीएमआरटी' दुर्बिणीने आपल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी त्या टिपल्या. २९ मार्च २००३ च्या स्फोटापाठोपाठ सुपरनोव्हा दिसला. दीर्घ स्फोटामागे महाकाय ताऱ्याचा अंत असतो, या मताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. १७ ऑगस्ट २०१७ चा स्फोट जेमतेम दोन सेकंदांचा. तो दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून झाल्याचे गुरुत्वीय लहरींवरून कळले. त्याचा झोत पृथ्वीच्या थेट रोखाने नव्हता. म्हणून त्याच्या रेडिओलहरींसाठी खोडदला कित्येक आठवडे थांबावे लागले.