आपल्या देवळाचे वय

देऊळ केव्हा बांधले असे कोणी विचारले, की गावोगावी उत्तर ठरलेले असते : "हेमाडपंती आहे, पांडवांनी एका रात्रीत बांधले." एकाच दमात हेमाडपंतही आणि पांडवही! भाविकाला एवढे पुरते. पण जीर्णोद्धाराच्या निमित्ताने जी तरुण मंडळी देवळाची हकिगत शोधू पाहत आहेत, त्यांना एवढ्यावर थांबून चालणार नाही.

त्यांनी आधी आपल्याच जिल्ह्यातील अंजनेरीस जाऊन यावे. नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना, डोंगराच्या पायथ्याशी जुन्या देवळांचे अवशेष आहेत. त्यांतील एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इ. स. ११४१ च्या सुमाराचा संस्कृत शिलालेख आहे. यादव कुळातील सेऊणदेवाच्या वेळी बाजारपेठेतील दुकाने देवळाकडे लावून दिल्याची नोंद त्यात आहे. आज आपण सभामंडपात देणगीदारांची पाटी लावतो, तशीच ही आठ-नऊशे वर्षांपूर्वीची पाटी म्हणा ना! आता हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. म्हणजे हे मंदिर त्याच्याही आधी शंभरावर वर्षे उभे होते. एका दगडाने केवढा घोळ मिटला!

हा लेख पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वाचला व १८८३ साली तो प्रसिद्ध झाला. पंडितजी मूळचे जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याच्या खडकावरील प्राचीन लिपी त्यांनी कोवळ्या वयात स्वतःच्या खटपटीने आत्मसात केली. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले, तेव्हा त्यांची नुकती विशी उलटली होती. आपल्या पांडवलेण्यांतील लेखांवरही त्यांनी परिश्रम केले. आमच्या तरुणांनी वयाची सबब सांगू नये ती याचसाठी.

सर्वच देवळांना शिलालेख नसतात. मग कागद पाहावेत. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने वतने-इनामांची चौकशी केली, तेव्हा देवस्थानांनाही सनदा दाखवाव्या लागल्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. ते वाचण्यास मोडी हवी, आणि मोडी चार-सहा महिन्यांच्या सरावाने येते. देवाच्या नावे इनाम जमीन असल्यास तलाठ्याच्या गाव नमुना तीनमध्ये तिचा पत्ता लागतो. गुरवाच्या घरची जुनी बासने मात्र अदबीने मागावीत आणि तिथेच बसून उतरून घ्यावीत. नेलेला कागद परत येत नाही, हा सर्वत्रचा अनुभव.

हे काम रंगारी येण्याआधी व्हायला हवे. तैलरंगाचे दोन हात बसले की उथळ अक्षरे बुजतात. वाळूच्या फवाऱ्याने दगड उजळतो, पण त्यावरील टाकीच्या खुणा जातात. फरशीखाली गेलेली पायरी तर कायमचीच गेली. तेव्हा प्रत्येक दगडाचे फोटो तिरप्या उन्हात, सकाळी किंवा सायंकाळी घ्यावेत. ओला कागद अक्षरांवर ब्रशाने ठोकून ठसा घेता येतो, तो जाणकाराकडून शिकून घ्यावा. जुनी पायरी, वीरगळ, फुटकी मूर्ती, जे काही निघेल ते कुठे सापडले याची वहीत नोंद करून, ओट्याच्या कडेला सावलीत मांडून ठेवावे. आणि नव्या पाटीवर देणगीदारांच्या जोडीने पाथरवटांची नावे, शके व सन अवश्य कोरावेत.