कातळ, जांभा की काळी माती? एचडीडीचे रॉड निवडताना काय पाहावे

रस्ता न फोडता जमिनीखालून केबल किंवा पाण्याची पाइप नेण्याच्या पद्धतीला हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग, म्हणजेच एचडीडी म्हणतात. आधी पायलट बोअर मारायचा, मग रीमरने भोक मोठे करायचे आणि पाइप मागे ओढून घ्यायची. मशीनचा सगळा जोर पुढे पोहोचतो तो रॉडमधूनच. हा रॉड महामार्गाखाली तुटला तर बिट आणि त्याची जागा कळवणारा ट्रान्समीटर आतच अडकतो. मग जो रस्ता वाचवायचा होता, तोच फोडायची वेळ येते.

बेळगाव जिल्ह्यात जमीन तालुक्यागणिक बदलते. उत्तरेला काळा कातळ आणि काळी माती, गोकाककडे कठीण वालुकाश्म, खानापूर पट्ट्यात जांभा. एकच रॉड सगळीकडे चालेल, हा हिशेब इथे चुकतो.

रॉड बहुतेक वेळा ओढून तुटत नाही, वाकलेल्या अवस्थेत फिरून तुटतो. प्रत्येक फेऱ्यात एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि आट्यांजवळ बारीक चीर पडते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणात ३ मीटरचा रॉड साधारण १० टक्के वळतो. कंपनीने दिलेली मर्यादा यापेक्षा कमी असेल तर वळण मोठे घ्यावे, नाहीतर दुसरा रॉड घ्यावा. रॉड जाड झाला की ताकद वाढते, पण तो कमी वाकतो, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

गोटे-मुरूम असेल तिथे रॉडला अचानक हिसके बसतात. तिथे जोडापाशी वेल्डिंग नसलेला, अखंड घडवलेला रॉड बरा. एस-१३५ पोलाद जी-१०५ पेक्षा मजबूत खरे, पण पान्याच्या दातांचा ओरखडाही त्याला महागात पडतो. सलग कातळात मड मोटर किंवा दुहेरी रॉड लागतो. दुहेरीत आतला रॉड बिट फिरवतो, बाहेरचा दिशा देतो. काळ्या मातीत मात्र अडचण वेगळी. माती फुगून रॉडला आवळते, म्हणून बेंटोनाइटच्या मिश्रणाकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

जुने रॉड घेताना नुसता रंग पाहू नये. आटे धारदार झालेत का, जोडाची खांदपट्टी सपाट आहे का, जोडाचा बाहेरचा व्यास किती झिजलाय हे मोजून घ्यावे. सपाट जागेवर रॉड लोळवला की वाकडेपणा लगेच दिसतो. नव्या रॉडला झिजलेला जोडू नये, जुन्याचे आटे नव्याचेही आटे खातात. आट्यांना ग्रीस रोज लावायचे, आणि पुढचे रॉड सर्वात जास्त झिजत असल्याने त्यांची जागा अधूनमधून बदलायची.