टेंगूळ आणि पातळ रक्त : प्रस्तावना

पावसाळ्यात वर्धा जिल्ह्यातल्या दवाखान्यात एक रुग्ण हमखास येतो. वय सत्तरीच्या पुढे, शेवाळलेल्या अंगणात पाय घसरलेला, कपाळावर टेंगूळ. बोलतो नीट, नातवंडांची नावे बरोबर सांगतो. तपासून झाल्यावर सोबतची सून उंबऱ्यातून सांगते, "मामाजींना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." एवढे ऐकले की डॉक्टर पुन्हा खुर्चीत बसतो. तो का बसतो, आणि रक्ताच्या थोड्याशा नमुन्याने त्याची चिंता किती हलकी होऊ शकते, हे समजून घेण्याचे हे निमंत्रण आहे.

या गोळीने रक्त काही ताकासारखे पातळ होत नाही; ते गोठायला उशीर लागतो. संधिवाती तापाने हृदयाची झडप बिघडून ती बदललेली तरुण स्त्री, हृदयाचे ठोके अनियमित झालेले आजोबा, अशांना ती आयुष्यभर घ्यावी लागते. तिचा पूर्वज सापडला तो गोठ्यात. अमेरिकेत 1920 च्या दशकात कुजका क्लोव्हर चारा खाऊन जनावरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातल्या द्रव्याचा शोध घेता घेता वॉरफरिन हाती आले; ते आधी उंदरांचे विष म्हणून विकले गेले आणि 1954 पासून माणसाचे औषध झाले. शेतकरी वाचकांनी ही हकीकत अवश्य मुळातून वाचावी.

उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो आणि त्याला कवटीच्या आवरणाशी जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानेही एखादी फाटते, आणि औषधामुळे पाझर थांबत नाही. सी. टी. स्कॅन कोणाला करावा हे ठरवणारा प्रसिद्ध कॅनेडियन नियम 2001 साली आला. पण तोंडाने घ्यायच्या रक्तगोठणरोधक गोळ्या चालू असलेले रुग्ण त्याने बाहेरच ठेवले होते. त्यांच्यासाठी प्रथा एकच राहिली : स्कॅन करा. वाक्य सोपे आहे, पण आष्टी किंवा कारंजा घाडगेच्या कुटुंबासाठी त्याचा अर्थ गाडी, पैसा, बुडालेली मजुरी आणि रात्रीचा प्रवास असा होतो.

इथे रक्तातल्या खुणा येतात. मेंदूतल्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली काही प्रथिने रक्तात उतरतात. तारापेशींमधले जीएफएपी आणि चेतापेशींमधले यूसीएच-एल1 ही त्यांतली दोन. या जोडीवर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेत फेब्रुवारी 2018 मध्ये परवानगी मिळाली. तिच्यामागच्या अभ्यासात 1,959 रुग्ण होते. चाचणीने 'नाही' म्हटले तर ते सुमारे 99.6 टक्के वेळा खरे ठरले. मात्र स्कॅन निर्दोष असलेल्यांपैकी जेमतेम 36 टक्क्यांनाच तिने 'नाही' म्हटले. म्हणजे ही चाचणी रक्तस्राव शोधून काढणारी नव्हे. ती फार तर काहींचा स्कॅन वाचवते. उत्साहाच्या भरात हा फरक नेहमी हरवतो.

आपल्या रुग्णाचा पेच याहून अवघड आहे. जीएफएपी वयाबरोबर मुळातच थोडे वाढते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसात 'हो' पुष्कळदा उगाच येते. आणि गोळी घेणारे बहुतेक म्हातारेच. दुसरे असे की, ही प्रथिने पेशींच्या इजेची साक्ष देतात, पुढे होणाऱ्या पाझराची नव्हे. आज 'नाही' आले तरी रात्रीतून रक्त साचणार नाही, याची हमी त्यात नसते. स्कँडिनेव्हियातल्या 2013 च्या मार्गदर्शनाने एस-100-बी या आणखी जुन्या खुणेवर विसंबून काहींचा स्कॅन टाळायची मुभा दिली. रक्तगोठणरोधक घेणाऱ्यांना मात्र स्कॅन आणि रुग्णालयात निरीक्षण असेच सांगितले. माझ्या मते ती सावधगिरी आजही योग्य आहे. ज्याला या चाचणीची गरज सर्वांत जास्त, त्याच्यावरच ती सर्वांत कमी निर्धास्तपणे वापरता येते. संशोधनाला खरे आव्हान आहे ते इथे.

हा विषय वर्ध्यातून पाहण्यात थोडा अभिमानही आहे. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सेवाग्रामला उभारलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोग व क्षयासाठी रक्तचाचण्यांवर वर्षानुवर्षे काम केले. खेड्यातल्या रुग्णाच्या थेंबभर रक्तातून किती कळू शकते, हा प्रश्न इथल्या मातीला नवा नाही.

नव्या वाचकांनी कुठलाही शोधनिबंध उघडला की आधी तीन गोष्टी शोधाव्यात : मार लागल्यापासून किती तासांनी रक्त घेतले, रुग्णांचे वय काय होते, आणि गोळ्या घेणारे त्यांत किती होते. एस-100-बी काही तासांत ओसरते, यूसीएच-एल1 त्या मानाने लवकर चढते, जीएफएपी दिवसभर टिकते. तासांचा उल्लेख नसलेला आकडा बाजूला ठेवलेला बरा. आणि हे सारे वाचण्याआधी तुम्ही घरातले एक काम करा. रुग्णालयात विचारले की बहुतेक जण "छोटी पांढरी गोळी" एवढेच सांगतात. तुमच्या घरात कोणी ती घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका, आणि तिचे नाव व मात्रा कागदावर लिहून गोळी घेणाऱ्याच्या खिशात ठेवा.