तिसऱ्या हाताचा प्रश्न : बीटलचा पट्टा आणि एक लाडकी दंतकथा

जुन्या मोटारीच्या इंजिनाचा पट्टा ताणायला किती हात लागतात? प्रश्न मिस्त्रीला विचारायचा वाटेल, पण या धाग्यापुरता तो इतिहासाचा आहे. त्याच्या उत्तरावर एक फार लोकप्रिय दंतकथा उभी आहे. फोक्सवॅगन बीटल ही गाडी सामान्य माणसाला भररस्त्यात, एकट्याने दुरुस्त करता यावी म्हणूनच तशी घडवली गेली, असे सांगितले जाते. ती एकट्याने दुरुस्त करता येते, हे बऱ्याच अंशी खरे आहे. 'म्हणूनच' या शब्दापाशी मात्र थांबावे लागते.

आधी पट्ट्याविषयी. पिठाच्या गिरणीत मोटरीकडून जात्याकडे धावणारा रुंद, सपाट पट्टा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आरंभीच्या मोटारींतही पंखा फिरवायला असाच सपाट पट्टा असे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (१९०८ ते १९२७) तोच होता. १९१७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी रबर आणि कापड यांचा निमुळत्या छेदाचा पट्टा काढला. रोमन लिपीतील 'व्ही' अक्षरासारखा त्याचा आकार असल्याने तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुतून बसतो आणि कमी ताणातही घसरत नाही. पुढील अनेक दशके मोटारींत याच पट्ट्याचे राज्य होते.

राज्य होते खरे, पण ताणाची कटकट संपली नव्हती. पट्टा सैल असेल तर तो किंचाळतो, घसरून तापतो, बॅटरी भरत नाही. फार करकचून बसवला तर डायनामोचे बेअरिंग खातो. म्हणून तो मोजून ताणावा लागतो.

आपल्या परिचयाची ॲम्बॅसिडर घ्या. तिच्या १४८९ सीसी इंजिनाची घडण ब्रिटिश मोटारींच्या सर्वसाधारण रिवाजातली. इंजिनाची पुली, पाण्याच्या पंपाची व पंख्याची पुली आणि डायनामोची पुली, अशा तिघींना मिळून एकच पट्टा. डायनामो दोन बोल्टांवर दारासारखा झुलतो. एक लांबट भोक असलेली लोखंडी पट्टी त्याला धरून ठेवते. सगळे बोल्ट ढिले करायचे, डायनामो इंजिनापासून दूर रेटायचा, पट्टा ताणला की पट्टीवरचा बोल्ट आवळायचा. वाचायला एक वाक्य. करायला गेलात की कळते की एक हात डायनामो रेटायला हवा, दुसरा पाना फिरवायला आणि तिसरा पट्टा दाबून ताण पाहायला! पाना फिरवण्याच्या नादात रेटा जरा कमी झाला की डायनामो मुकाट्याने मागे सरकतो आणि पट्टा पुन्हा सैल.

या तिसऱ्या हातावर एकट्या माणसाने उपाय शोधले नाहीत असे नाही. बोल्ट पूर्ण ढिले न करता एवढेच सोडायचे की डायनामो जोर लावल्यावर हलेल, पण आपणहून परतणार नाही. किंवा इंजिन आणि डायनामो यांच्या मधे लाकडाची पाचर ठोकायची आणि दोन्ही हात मोकळे करून घ्यायचे. माझ्या मते तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा पाचरीला जागा मिळायला हवी, पण ती कागदावर क्वचितच उतरते. कारखान्याच्या पुस्तिकेत ती नसते. ती गॅरेजमधल्या उस्तादाकडून हाताखालच्या पोराकडे जाते.

आता बीटल. मागचे झाकण उघडले की पट्टा थेट तुमच्यासमोर येतो; मधे रेडिएटर नाही, कारण इंजिन हवेने थंड होते. वर डायनामोची पुली, खाली इंजिनाची, दोघींवर एकच पट्टा. डायनामो जागचा हलत नाही. मग ताण कसा द्यायचा? वरची पुली दोन थाळ्यांची आहे आणि त्या थाळ्यांच्या मधे पातळ चकत्या आहेत. एखादी चकती काढली की थाळ्या जवळ येतात, खाच अरुंद होते, निमुळता पट्टा खाचेत वर चढतो आणि त्यामुळे ताणला जातो. काढलेली चकती फेकायची नाही. ती बाहेरच्या थाळीवर, नटाच्या खाली बसवायची. पट्टा बदलून नवा घालताना ती पुन्हा आत लागते. सुटा भाग हरवू नये यासाठी यंत्राच्याच अंगावर खिसा असावा, तशी ही सोय आहे.

नट सोडताना पुली गरगर फिरू नये म्हणून आतल्या थाळीच्या कडेला एक खाच ठेवलेली असते. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर घालून त्याची दांडी डायनामोवरच्या बोल्टाला टेकवायची आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवायचा. तिसरा हात इथे यंत्रच पुरवते. नट आवळताना इंजिन थोडे थोडे फिरवत राहायचे, नाहीतर पट्टा थाळ्यांच्या चिमटीत सापडतो. शेवटी अंगठ्याने मधोमध दाबून पाहायचे. पट्टा सुमारे दीड सेंटिमीटर दबला की काम झाले.

ही सोय केवळ शोभेची नव्हती. बीटलमध्ये थंड हवा फेकणारा पंखा डायनामोच्याच दांड्यावर बसवलेला आहे. पट्टा तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागतो, आणि त्याच क्षणी इंजिनाला मिळणारा वाराही थांबतो. तो दिवा दिसल्यावर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणणाऱ्याने इंजिन भाजून घेतले म्हणून समजा.

आणि इथेच दंतकथेची गाठ सुटते. पंखा पत्र्याच्या घट्ट कवचात फिरतो. डायनामो झुलता ठेवला असता तर पंखा कवचाला घासला असता. म्हणजे डायनामो हलवून पट्टा ताणण्याचा रूढ मार्ग या रचनेत बंदच होता; ताण पुलीतच द्यावा लागणार होता. एकट्या माणसाला मिळालेली सोय ही, माझ्या वाचनाप्रमाणे, मुख्यतः भूमितीची देणगी आहे. हवेने थंड होणारे इंजिन निवडताना गॅरेज नसलेल्या मालकाचा आणि हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्याचा विचार झाला होता, हे खरे. पण त्या निवडीतून निघालेल्या प्रत्येक सोयीला 'जनतेसाठी' ही पाटी लावणे म्हणजे जुन्या जाहिरातीला नव्याने आवाज देणे होय.

जाहिरात कोणाची, हेही आठवावे. २२ जून १९३४ रोजी फर्डिनांड पोर्शे यांच्याशी या गाडीचा करार झाला, तो हिटलरच्या राजवटीत. किंमत ९९० मार्क ठरली. कामगाराने आठवड्याला किमान पाच मार्कांचे तिकीट घेऊन कार्डावर चिकटवायचे आणि कार्डे भरली की गाडी घ्यायची. तीन लाखांहून अधिक लोकांनी असे पैसे भरले. युद्धाच्या काळात त्यांच्यापैकी एकालाही गाडी मिळाली नाही. कारखान्यातून बाहेर पडली ती मुख्यतः क्युबेलवॅगन ही लष्करी गाडी, सुमारे ५० हजार. ती बनवणाऱ्या हातांत वेठबिगारांचे, युद्धकैद्यांचे आणि छळछावण्यांतून आणलेल्या माणसांचे हात होते. 'एकट्याने दुरुस्त होणारी जनतेची गाडी' हे वाक्य उच्चारताना हे हात मोजायचे राहून जातात.

१९४५ नंतर ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली, मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या काळात, कारखाना पुन्हा उभा राहिला आणि गाडी खऱ्या अर्थाने सामान्यांपर्यंत गेली. स्वतः दुरुस्ती करणाऱ्या मालकाची प्रतिमा प्रामुख्याने या नंतरच्या काळातली आहे, आणि तिला आकार देण्यात अमेरिकेचा वाटा मोठा आहे. १९६९ मध्ये जॉन म्यूर या इंजिनिअरचे 'हाऊ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह' हे पुस्तक आले. यंत्राचा गंध नसलेल्या वाचकाला हाताशी धरून पायरीपायरीने काम शिकवणारे हे पुस्तक. रचना आधीपासून होती. तिला 'माझी मी दुरुस्त करतो' असा अर्थ दिला तो अशा मालकांनी.

त्या जर्मन बचतदारांचे काय झाले? त्यांनी कारखान्याविरुद्ध दावा लावला, आणि तो वर्षानुवर्षे चालला. १९६१ मध्ये तडजोड झाली. पूर्ण रक्कम भरलेल्याला नव्या गाडीवर ६०० मार्कांपर्यंत सवलत किंवा रोख १०० मार्क. ज्यांनी सवलत घेऊन बीटल घेतली, त्यांच्याही इंजिनात वरच्या पुलीच्या दोन थाळ्यांमधे त्याच चकत्या होत्या.